मोबाइलवर ९, कुंदेवाडीत ६ आणि बागेत बर्फ: निफाडच्या थंडीचा अंदाज कसा वाचायचा

प्रश्न: निफाडजवळ कादवा नदीच्या काठाला आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. गेल्या आठवड्यात मोबाइल रात्रीचे किमान तापमान ९ अंश दाखवत होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली की जवळच्या कुंदेवाडीच्या वेधशाळेत पारा ६ वर आला. आमच्या नदीकडच्या ओळींत मात्र पहाटे पानांवर बर्फाचा पापुद्रा होता. मग खरे तापमान कोणते? अंदाजावर विसंबायचे की नाही? रात्री जागायचे की निवांत झोपायचे, हे संध्याकाळीच कळेल असा काही मार्ग आहे का?

उत्तर:

तिन्ही आकडे खरे आहेत. ते एकाच गोष्टीचे नाहीत, एवढेच. एका कृषी वेधशाळेत मी अठ्ठावीस वर्षे रोज सकाळी तापमापक वाचले. त्यातली पहिली दोन-तीन वर्षे मीसुद्धा समजत होतो की गावाला एक तापमान असते आणि ते मी वहीत लिहितो. मग एका जानेवारीत एक वयस्कर बागायतदार सकाळी सकाळी आले. माझ्या वहीत ४.२ होते. ते म्हणाले, "साहेब, माझ्या बागेत पाटाच्या कडेला बर्फ आहे आणि तुम्ही चार लिहिता?" मी त्यांच्यासोबत गेलो. ऊन अजून पानांवर यायचे होते. त्यांच्या सखल कोपऱ्यात छातीच्या उंचीवर तापमापक धरला तर दीडच्या आसपास, आणि गवताजवळ नेला तर शून्याखाली. वेधशाळा तिथून फार तर दोन किलोमीटर असेल. त्या दिवसापासून मी शेतकऱ्याला नुसता आकडा सांगणे सोडले. आधी विचारू लागलो, "तुमची बाग कुठे आहे? उंचावर की खोलात?"

आधी वेधशाळेचा आकडा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तिला चारी बाजूंनी झडपा असतात, म्हणजे हवा खेळते पण ऊन आत येत नाही. हिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह अभियंत्याने ती एकोणिसाव्या शतकात तयार केली. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. म्हणजे बातमीतले ६ अंश हे सव्वा मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या, खेळत्या हवेचे. पानाचे नाहीत, गवताचेही नाहीत. जगभर हाच नियम पाळतात, म्हणून निफाडची तुलना नागपूरशी करता येते. पण तुमच्या पानाला हा नियम माहीत नाही.

निरभ्र रात्री पान, गवत, पत्रा, मोटारसायकलची सीट, सगळे आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतात. हवा स्वतः तितक्या वेगाने उष्णता सोडत नाही. म्हणून वारा नसेल तर आधी पान गार होते आणि मग पानाला लागून असलेली हवा गार होते. शांत, स्वच्छ रात्री उघड्यावरचे पान पेटीतल्या हवेपेक्षा दोन ते चार अंशांनी थंड असते. त्यामुळे पेटीत ३ किंवा ४ अंश असताना गवतावर बर्फ दिसला तर त्यात नवल नाही. कृषी वेधशाळांत यासाठी वेगळा तापमापक असतो, गवताच्या टोकांच्या जरा वर आडवा ठेवलेला. त्याचा आकडा बातमीत कधी येत नाही, पण भाजीपाला करणाऱ्यांना खरे तर तोच हवा. तुमच्या मांडवाचेही असेच असते. वरची, आकाश 'बघणारी' पाने आधी करपतात आणि मांडवाखालचे घड पुष्कळदा वाचतात, कारण त्यांच्यावर पानांचे छप्पर असते.

दुसरी गोष्ट उताराची. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखीच उताराने वाहते, फक्त फार सावकाश, इतकी की वारा म्हणून अंगाला जाणवतही नाही. कादवेच्या काठाची शेते म्हणजे या हवेची तळी. वाटेत उंच बांध असेल किंवा दाट ऊस उभा असेल तर ती हवा त्याच्या अलीकडे तुंबते. तुमच्या नदीकडच्या ओळींच्या पलीकडे कोणाचा ऊस आहे का, ते जरूर बघा. शांत रात्री एकाच शिवारात उंचवटा आणि खोलगट भाग यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. आता हिशेब लावा: पेटीत ६, खोलात ३ ते ३.५, आणि पान त्याहून तीन अंशांनी थंड. आला की नाही शून्यावर?

याच कारणाने एक जुने कोडे सुटते. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आणि निफाड साडेपाचशेच्या आसपास, तरी हिवाळ्यात सर्वांत कमी आकडा निफाडचा कसा? महाबळेश्वर पठाराच्या माथ्यावर आहे. तिथली थंड हवा दऱ्यांत उतरून जाते आणि माथ्यावर वाराही हलता असतो. तरीसुद्धा तिथे वेण्णा तलावाच्या काठी अधूनमधून दव गोठते, त्याच सकाळी गावातला आकडा चांगला वर असतो. कारण तलावाचा परिसर खोलगट. म्हणजे थंडी फक्त उंचीने ठरत नाही, बशीचा तळ आणि बशीची कड यातला फरकही मोठा असतो. निफाडच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जुळून येतात. समुद्राची दमट हवा सह्याद्री अडवतो, त्यामुळे आपल्याकडे हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ राहते. शिवाय वस्तीपासून दूर, शेतजमिनीतले केंद्र असल्याने शहराच्या सिमेंट-डांबराची ऊब तिथे नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कुंदेवाडीचा पारा २ अंशांच्याही खाली गेला होता, तेव्हा नाशिक शहरात त्या मानाने बरे होते.

आता मोबाइलचे ९. अंदाज संगणकावर तयार होतो. त्यासाठी पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनांत वाटलेला असतो आणि प्रत्येक चौकोनाला एक तापमान मिळते. आपल्या हवामान खात्याच्या जागतिक प्रारूपात हा चौकोन अनेक वर्षे सुमारे १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टम' सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. ही मोठी झेप आहे आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो. पण ६ किलोमीटरच्या चौकोनातसुद्धा निफाडची घरे, महामार्ग, गव्हाची शेते, उंचवटे आणि तुमचा नदीकाठ एकत्र येतात. संगणकाने दिलेले ९ ही या सगळ्यांची सरासरी. तुमच्या खोलगटाला त्यात वेगळी जागा नाही.

म्हणून अंदाज चुकला असे मी म्हणणार नाही. अंदाज चौकोनासाठी असतो. चौकोनातून तुमच्या बागेत उतरायचा जिना तुम्हालाच बांधावा लागतो. तो कसा, ते सांगतो.

किमान-कमाल तापमापक विकत घ्या, शक्य तर तीन. घेतल्यावर आधी तपासा: बर्फाचा बारीक चुरा आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात तापमापक बुडवा, पाच मिनिटांनी ० दाखवायला हवे. १ दाखवत असेल तर तेवढे नेहमी वजा करा. एक बागेच्या सर्वांत उंच भागात, एक मध्ये, एक नदीकडच्या ओळीत, सगळे सव्वा मीटर उंचीवर टांगा. वर एखादे पांढरे झाकण ठेवा, पण बाजू मोकळ्या असू द्या. पत्र्याच्या शेडला किंवा विहिरीच्या कठड्याला लावू नका. दगड-विटा दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहतात आणि आकडा दोन अंश वर जातो.

मग वही. रोज पाच रकाने: मोबाइलचा रात्रीचा अंदाज, कुंदेवाडीचा आकडा, तुमचे तीन आकडे, रात्री आकाश कसे होते, वारा होता की नाही. पंधरा-वीस रात्री लिहिल्यावर एक गोष्ट आपोआप दिसेल. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री तुमचा आणि मोबाइलचा फरक अर्धा-एक अंशाचा असेल. स्वच्छ, शांत रात्री तो चार-पाच असेल. म्हणजे तुमच्या बागेसाठी वजा करायचे आकडे दोन आहेत, एक नाही. 'आमच्याकडे अंदाजापेक्षा तीन अंश कमी असते' अशी सरसकट सरासरी काढली तर ती दोन्ही प्रकारच्या रात्री फसवेल. माझ्या मते कोणतेही महागडे यंत्र घेण्याआधी ही वही हवी.

आता तुमचा कळीचा प्रश्न: संध्याकाळीच रात्र ओळखायची कशी?

तीन गोष्टी बघायच्या. आकाश आणि वारा दोन, ते सर्वांना ठाऊक आहेत. तिसरी गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत, आणि मला विचाराल तर तिचेच वजन सर्वांत जास्त: हवेतली वाफ. त्यासाठी एक शब्द लक्षात ठेवा, दवबिंदू. दव म्हणून दिसणारा पाण्याचा थेंब, तो हा नव्हे. दवबिंदू म्हणजे एक तापमान. हवा जितकी गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते, ते तापमान. आपण 'दव पडले' म्हणतो, जुनी माणसे 'दहिवर पडले' म्हणत. पण दव वरून पडत नाही. पान दवबिंदूपेक्षा गार झाले की त्याला टेकलेल्या हवेतली वाफ तिथल्या तिथे पाणी होते. आणि वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, एका लिटरमागे जवळजवळ ६०० किलोकॅलरी. म्हणून दव धरू लागले की पारा घसरण्याचा वेग एकदम कमी होतो. दवबिंदू ही जणू त्या रात्रीची फरशी आहे. हवा फरशीपर्यंत येते आणि तिथे अडखळते.

त्यामुळे संध्याकाळी ६ वाजता दोन दिवशी तापमान तेच २० अंश असेल, तरी रात्री वेगळ्या निघतात. एके दिवशी दवबिंदू १५ असेल तर ती रात्र १३-१४ च्या खाली सहसा जात नाही. दव भरपूर पडेल, कदाचित धुकेही येईल, पण गारठा नाही. दुसऱ्या दिवशी दवबिंदू ५ असेल, आकाश स्वच्छ असेल आणि वारा पडला असेल, तर पारा सहा-सातपर्यंत उतरायला मोकळा आहे. खूप कोरड्या हवेत तो फरशीपर्यंत पोहोचण्याआधीच उजाडते. आणि दवबिंदू शून्याच्याही खाली असेल तर काही वेळा बर्फ दिसत नाही, तरी पान थंडीने काळे पडते. पांढरा पापुद्रा नाही म्हणून सगळे ठीक आहे, असे समजू नका.

दवबिंदू मोबाइलच्या बऱ्याच हवामान अॅपमध्ये तपशिलात दिलेला असतो. पण घरीही काढता येतो. दोन सारखे साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलचा ओला तुकडा गुंडाळा आणि दोन्हींवर वर्तमानपत्राने दोन-तीन मिनिटे वारा घाला. ओल्याचा पारा खाली जाईल, कारण पाणी उडताना उष्णता घेते. आपल्या उंचीवर कोरडा २० आणि ओला १७ असेल तर दवबिंदू १५ च्या आसपास. कोरडा २० आणि ओला १२ असेल तर दवबिंदू ५ च्या आसपास. दोघांतला फरक जितका मोठा तितकी हवा कोरडी आणि तितकी रात्र धोक्याची. संध्याकाळी फरक सात-आठ अंश दिसला, आकाशात तारे टक्क आहेत आणि शेकोटीचा धूर सरळ वर जाऊन मग एका उंचीवर आडवा पसरतो आहे, तर त्या रात्री जागायची तयारी ठेवा. धूर आडवा पसरतो त्याच्याखाली थंड हवेचा थर बसलेला असतो आणि वर ऊबदार हवा असते. दिवसा उलट असते, वर जाल तसे गार. म्हणून या थराला तापमानाचा उलटा थर म्हणतात.

एक चूक माझ्या हातून झाली, ती इथे सांगणे मला आवश्यक वाटते. एका डिसेंबरात संध्याकाळी दाट ढग होते. ओळखीच्या एका बागायतदाराने विचारले, मी म्हणालो, आज झोपा. ढग रात्रीचे पांघरूण असतात, जमिनीने सोडलेली उष्णता ते परत खाली पाठवतात, हे खरेच आहे. पण मध्यरात्रीनंतर ढग पांगले, वाराही पडला आणि उरलेल्या चार-पाच तासांत पारा वेगाने उतरला. सकाळी त्यांच्या खालच्या ओळींतले कोवळे शेंडे उकडल्यासारखे लोंबत होते. ते मला एक शब्द बोलले नाहीत, पण ते शेंडे अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हापासून मी सांगतो: ढगाच्या भरवशावर झोपायचे तर रात्री २ चा गजर लावून एकदा बाहेर या. तारे दिसले तर पुन्हा झोपू नका.

आणि किमान तापमान मध्यरात्री नसते, हेही ध्यानात असू द्या. जमीन सूर्य उगवेपर्यंत उष्णता सोडतच राहते, म्हणून सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आगेमागे, कधी कधी त्यानंतरही पंधरा-वीस मिनिटे. पाच वाजता 'झाली रात्र' म्हणून घरी गेलात तर नेमका वाईट तास चुकतो. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमाराला असतो, पण आपल्याकडे सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो संक्रांतीच्या सुमारास. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात; सकाळच्या बाजूने पाहिले तर ते अगदी बरोबर आहे.

रात्रीपुरते इतके. पण चार-पाच दिवस आधी चाहूल लागावी असे वाटत असेल तर उत्तरेकडे बघावे लागते. आपली थंडी इथे तयार होते, पण तिचा निरोप लांबून येतो. भूमध्य समुद्राकडून निघालेले थंड हवेतले चक्रावात इराण-अफगाणिस्तानावरून काश्मीर-हिमाचलकडे येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते, बातम्यांत पश्चिमी चक्रावात असेही येते. विक्षोभ येत असतो तेव्हा तिकडे बर्फ पडतो आणि आपल्याकडे उलट ऊब वाढते: वारे पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वळतात, बंगालच्या उपसागराची दमट हवा येते, आकाशात पिसांसारखे पातळ ढग दिसतात आणि किमान तापमान चार-पाच अंशांनी चढते. लोक म्हणतात, थंडी गेली. गेलेली नसते. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून वायव्येचे कोरडे, गार वारे राजस्थान-गुजरातवरून खानदेश आणि नाशिकपर्यंत येतात. पहिल्या दिवशी बोचरा वारा असतो, अंगात हुडहुडी भरते, पण वारा हलता असल्याने किमान तापमान फार खाली जात नाही. मग वारा पडतो. ती रात्र जपायची. 'काश्मीरमध्ये मोठी बर्फवृष्टी' ही बातमी वाचली की मी त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांवर खूण करून ठेवत असे, आणि वारा पडण्याची वाट बघत असे.

याच खेळाची एक वाईट बाजू म्हणजे अवकाळी आणि गारपीट. वर पश्चिमेकडून आलेली थंड हवा आणि खाली पूर्वेकडची किंवा अरबी समुद्राची दमट हवा एकावर एक आली की थंडीतही गडगडाटी ढग उभे राहतात. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाडकरांना सांगायला नको. किमान तापमान अचानक १६-१८ वर गेले, सकाळपासून अंगाला चिकट वाटते आहे आणि अंदाजात 'मेघगर्जनेसह' हा शब्द आहे, तर त्या दिवशी थंडीची नाही, पावसाची काळजी करा. अॅपमधल्या '३० टक्के पाऊस' याचा अर्थ तीस टक्के भागात पाऊस किंवा दिवसाच्या तीस टक्के वेळात पाऊस असा घेऊ नका. अशा दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवस तुमच्या ठिकाणी पाऊस होतो, एवढाच तो अर्थ. फवारणी हातात असेल तर ३० टक्के पुष्कळ आहेत.

बातम्यांतल्या शब्दांविषयी थोडक्यात. 'थंडीची लाट' हा शब्द सर्रास वापरतात, हवामान खात्याची व्याख्या मात्र काटेकोर आहे. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली हवे, आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर लाट, त्याहून जास्त कमी असेल तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, थेट ४ अंश किंवा कमी असेल तर लाट, २ किंवा कमी असेल तर तीव्र लाट. समजा सरासरी १०.५ आहे, तर ६ अंशांना व्याख्या पूर्ण होते, ७ ला नाही. सात अंशांना लाट जाहीर झाली नाही म्हणून तुमच्या मण्यांना थंडी कमी लागत नाही. धुक्याचेही तसेच: १००० मीटरच्या आत दिसेनासे झाले तर धुके, २०० मीटरच्या आत दाट, ५० च्या आत अतिदाट. हे आकडे गाडी चालवणाऱ्यासाठी आहेत. द्राक्षासाठी धुके किती दाट यापेक्षा पान किती तास ओले राहिले हे महत्त्वाचे, कारण केवडा हा बुरशीचा रोग ओल्या पानावरच आत शिरतो. नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या पाण्याकडून येणारी दमट हवा असेल तर सकाळी दहापर्यंत पाने वाळत नाहीत. ते तास वहीत लिहिले तर फवारणीचा निर्णय नेमका होतो. ढगाळ आणि कोमट दिवस सलग आले तर भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाकडे नजर ठेवा.

अॅपमध्ये 'जाणवणारे तापमान' असा आणखी एक आकडा असतो. तो माणसाच्या त्वचेचा आहे, वाऱ्याने अंगाची उष्णता किती वेगाने जाते त्याचा. वेलीला तो लागू नाही. वेलीच्या दृष्टीने हलका वारा हा मित्रच, कारण तो वरची ऊबदार हवा खाली मिसळतो.

आता, धोक्याची रात्र ओळखली, पुढे काय? सर्वांत मोठा साठा जमिनीत आहे. कोरडी, नुकतीच भुसभुशीत केलेली काळी माती उष्णता धरत नाही. ओली, दबलेली माती दिवसा ऊन साठवते आणि रात्री सोडते. म्हणून गारठ्याचा अंदाज असेल तर आदल्या दोन दिवसांत आंतरमशागत टाळा आणि पाणी शक्यतो आदल्या दिवशी सकाळी द्या, म्हणजे त्या ओल्या मातीला दिवसभराचे ऊन मिळेल. रात्री उशिरा ते पहाटे पुन्हा पाणी सोडणेही उपयोगी आहे, कारण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी साधारण २५ अंशांचे असते. हिशेब करून बघा: दहा हजार लिटर पाणी २५ वरून १० अंशांवर आले तर दीड लाख किलोकॅलरी उष्णता बागेत राहते. तेवढी उष्णता लाकडातून मिळवायची तर चाळीस किलोच्या आसपास कोरडे सरपण जाळावे लागेल, आणि त्यातली बरीच सरळ वर निघून जाईल. पाणी जमिनीवर द्यायचे, पानांवर नाही. कोरड्या हवेत पानावरचे पाणी उडताना लिटरमागे ६०० किलोकॅलरी ओढून घेते, आणि गोठताना देते फक्त ८०. फवारणी पंपाने पाने ओली केली आणि मध्येच थांबलात तर मदतीऐवजी नुकसान होईल.

शेकोट्यांबद्दल लोकांचा समज असा की धुराचे पांघरूण बसते. धूर रात्रीची उष्णता फारशी अडवत नाही. शेकोटीचा उपयोग तिच्या आगीचा आणि त्या आगीने हवा ढवळण्याचा. म्हणून एक मोठी होळी करू नका, तिची गरम हवा सरळ थराच्या वर निघून जाते. लहान लहान, बऱ्याच ठिकाणी, बांधाकडून वारा येत असेल त्या बाजूला पेटवा. ओला पाला घालून नुसता धूर केलात तर सकाळचे ऊन उशिरा पोहोचेल, तोटा तुमचाच. बांधावर गचपण असेल तर उताराच्या खालच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी वाट मोकळी करून द्या. थंड हवा निघून जायला जागा मिळाली तर फुकटात एखादा अंश वाचतो. माझ्या मते नदीकडच्या तुमच्या ओळींसाठी हे पहिले काम आहे.

थॉमसनच्या बाबतीत बर्फ हा एकमेव धोका नाही. आपल्याकडे जानेवारीत दिवसा २८-३० आणि रात्री ७-८ असा वीस-बावीस अंशांचा फरक पडतो. मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे ते मऊ पडून पिकू लागायच्या काळात असा फरक आला आणि किमान तापमान आठच्या खाली राहिले तर पिंक बेरीचा, म्हणजे मणी गुलाबी पडण्याचा त्रास वाढतो, म्हणून घडांना कागद लावतात. तो कागद पाणी उतरायला लागण्याच्या तोंडावर लावायचा असतो, गुलाबी मणी दिसल्यावर लावून उपयोग होत नाही. मणी फुगवणीत असताना पहाटेचा गारठा आणि लगेच कडक ऊन यांनी साल तडकते. तेव्हाही मुळाशी ओल एकसारखी ठेवणे हाच मोठा आधार. शेजारच्या गव्हाला आणि हरभऱ्याला हीच थंडी मानवते, गव्हाला फुटवे चांगले येतात. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच रात्रीचे दोन अर्थ असतात.

किती दिवस पुढचा अंदाज धरायचा, तर तापमानासाठी पहिले तीन दिवस कामाचे, चौथा-पाचवा कल समजण्यापुरता. दहा-पंधरा दिवसांनंतरचा आकडा अॅप दाखवते म्हणून त्यावर मजूर ठरवू नका. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, 'मेघदूत' अॅपवर तो मराठीत वाचायला मिळतो. मंगळवारचा सल्ला आणि तुमची वही शेजारी ठेवून बसा.

तापमापक आणलेत की पहिला नदीकडच्या ओळीतच टांगा, उंचवट्यावरचा नंतर. पहिल्या स्वच्छ, बिनवाऱ्याच्या पहाटे साडेसहाला दोन्ही वाचा आणि तो फरक मला कळवा. बांधाला वाट कुठे काढायची ते त्यावरून सांगतो.